खड्ड्याच्या बाजूचा माणूस

बेंगळुरात घर बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी आमचे पगार विचारले नाहीत. मांसाहार करता का, पाहुणे किती येतात, हेही विचारलं नाही. त्यांनी जिना दाखवला, पाण्याची टाकी दाखवली, आणि मग गच्चीच्या कठड्याला टेकून माझ्या नवऱ्याला, निखिलला, विचारलं, "खड्ड्यांबद्दल तुमचं मत काय?"

निखिल तेव्हा रोज स्कूटरवरून महादेवपुऱ्याला ऑफिसला जायचा. खड्ड्यांबद्दल त्याचं मत तयारच होतं. ते त्याने सविस्तर सांगितलं. कंत्राटदार, पाऊस, पाठीचा मणका, मणक्याच्या डॉक्टरांची फी, काहीही सोडलं नाही. शेवटी म्हणाला, या शहरातले सगळे खड्डे एकदाचे बुजवून टाकले पाहिजेत. घरमालकांचा चेहरा पडत गेला. "मग हे घर तुम्हाला पसंत पडायचं नाही," ते म्हणाले आणि किल्ल्यांचा जुडगा खिशात टाकून जिन्याकडे वळले.

आम्हाला वाचवलं सासूबाईंनी. साताऱ्याहून त्या आमच्याबरोबर राहायला आल्या होत्या आणि इतका वेळ कठड्यावरून मागच्या बाजूला डोकावत होत्या. मागे एक भलंमोठं विवर होतं. त्याची एक बाजू भिंतीसारखी उभी कापलेली, तळाशी थोडं पाणी, कडेने झुडपं. सासूबाईंनी विचारलं, "अहो, ते भोकाभोकांतून हिरवे पक्षी ये-जा करतायत ते कसले?"

घरमालक थांबले. मागे फिरले. "स्वल्प थांबा," असं म्हणून खाली जाऊन दुर्बीण घेऊन आले. घर आम्हाला मिळालं.

हे वसंतराव हुक्केरीकर. गल्लीत सगळे त्यांना वसंतअण्णा म्हणतात. मूळचे निपाणीचे. तरुणपणी बेंगळुरात एका सरकारी कारखान्यात लागले आणि टूलरूममध्ये साचे घडवण्यात आयुष्य घालवून निवृत्त झाले. के. आर. पुरमच्या पलीकडच्या या लेआउटमध्ये, म्हणजे वसाहतीत, त्यांनी घर बांधलं तेव्हा इथे दुसरं काही नव्हतं म्हणे. खाली ते एकटे राहतात, वर आम्ही. मराठी बोलतात ती निपाणीची, तिच्यात कन्नड इतकं मुरलेलं की त्यांना स्वतःलाही कळत नाही कोणता शब्द कुठला. थोडं म्हणजे स्वल्प. ठीक म्हणजे सरी. आणि 'स्वल्प थांबा' हे दोन शब्द तर ते दिवसभर वापरतात. गॅस सिलिंडरवाल्याला, दारावरच्या विक्रेत्यांना, फोनवर कर्ज देऊ करणाऱ्या मुलींना, सगळ्यांना ते आधी थांबवतात, मग पुढचं बोलतात.

मागचा खड्डा म्हणजे वाळूची जुनी खाण. लेआउट बांधलं जात होतं तेव्हा कंत्राटदाराने इथलीच माती उकरली, जवळच्या तळ्याच्या पाण्याने धुतली आणि तिच्यातून निघालेली वाळू घरांना वापरली. काम संपल्यावर तो निघून गेला आणि खड्डा राहिला. कागदोपत्री ती जागा सगळ्या रहिवाशांची, उद्यानासाठी ठेवलेली. उद्यान काही झालं नाही. लोक त्याला वेस्ट लँड म्हणायचे, आणि हे अण्णांच्या कानावर गेलं की ते विचारायचे, "वेस्ट कुणाचं ओ? तुमचं असेल. खालच्यांचं नाही."

खालचे म्हणजे खाणीत राहणारे. त्यांच्याबद्दल अण्णा भाडेकरूंबद्दल बोलावं तसं बोलतात. एक घोरपड आहे, ती "जुनी पार्टी". पाण्यात बुड्या मारणाऱ्या टिबुकली पक्ष्यांचं जोडपं आहे, ते "शांत लोक". मऊ मातीत बारीक नरसाळ्यांसारखे खळगे करून तळाशी मुंगीची वाट बघत बसणारे किडे आहेत, ते "वाट बघणारे". एकटीच राहणारी, अळीला डंख मारून बेशुद्ध करून बिळात ओढत नेणारी एक माशी आहे. तिला अण्णा "मॅडम" म्हणतात आणि तिच्या वाटेत पाय पडू नये म्हणून दहा पावलं वळसा घालून जातात. सगळ्यांत लाडके म्हणजे ते हिरवे पक्षी, वेडे राघू. तांबूस डोकं, डोळ्याला काळी रेघ, शेपटीतून तारेसारखी दोन पिसं निघालेली. हवेत गिरकी घेऊन चतुर पकडतात, फांदीवर आपटतात आणि मग खातात. घरटं मात्र जमिनीत. उभ्या वाळूच्या कड्यात चोचीने खणत, पायांनी वाळू मागे उडवत, जवळजवळ हातभर लांब बीळ करतात आणि त्याच्या टोकाला अंडी घालतात.

सासूबाईंनी पहिल्यांदा हे नाव ऐकलं तेव्हा त्या मला हळूच म्हणाल्या, "राघू वेडे का ते माहीत नाही, पण बघणाऱ्याबद्दल शंका नको." हे त्यांनी स्वयंपाकघरात सांगितलं आणि त्याच संध्याकाळी दुर्बीण मागायला त्या स्वतः खाली गेल्या.

अण्णांच्या घरात वाळू सगळीकडे असते. खिशात, चपलांत, सोफ्याच्या फटीत. एकदा त्यांनी दिलेल्या फिल्टर कॉफीत मला दाताखाली कणी लागली. मी ती हळूच बोटावर काढली, पण त्यांच्या लक्षात आलं. "वरच्या थरातली आहे," म्हणाले. "खालची जास्त बारीक असते."

त्यांचं खरं काम असायचं थंडीत. पौष-माघाच्या सकाळी माकडटोपी घालून, कुदळ, फावडं आणि ओळंबा घेऊन अण्णा खाणीत उतरायचे आणि तो उभा कडा तासायचे. ओळंबा म्हणजे गवंड्यांचा, दोरीला वजन लावलेला. भिंत सरळ उभी आहे की नाही ते त्याने कळतं. साच्यांवर आयुष्य गेलेला माणूस, डोळ्यांच्या अंदाजावर त्याचा विश्वास नाही.

मी एकदा विचारलं, पक्षी आपणहून येतायत तर तुम्ही कशाला तासता? त्यावर त्यांनी मला कड्याशी नेलं. जिथे तासलं नव्हतं तिथे पावसाने माती घसरून उतार झाला होता. उतारावर गवत आलं होतं, गवतातून झुडपं. तिथे एकही बीळ नव्हतं. "असा उतार झाला की साप चढतो, मुंगूस चढतो. पिल्लं खातात. म्हणून यांना उभी, नागडी भिंत लागते. पूर्वी नदी दर पुरात काठ कापून द्यायची. आता कोण देतंय?" मग फावडं मातीत रोवून म्हणाले, "माणसं खणून निघून गेली म्हणून हे इथं आले. पण माणसांनी पूर्णच पाठ फिरवली की हे जातात बघा. स्वल्प हात लावावा लागतो. स्वल्पच."

त्या थंडीत या हात लावण्यावरून भानगड झाली. खाणीसमोर नवी उंच इमारत झाली होती. तिथल्या एका बाईंनी बाल्कनीतून पाहिलं की टोपी घातलेला एक इसम सरकारी बंदी असलेली वाळू उकरतोय. त्यांनी पोलिसांना फोन केला, आणि त्यांच्या जागी कोणीही केला असता. मला ऑफिसमध्ये अण्णांचा फोन आला. आवाज अगदी निवांत. म्हणाले, "स्वल्प स्टेशनला येता का? यांना पटत नाही."

मी रिक्षा करून पोहोचले. वाटेत माझ्या डोळ्यांसमोर येत होतं की म्हाताऱ्याला बाकावर बसवून दरडावत असतील. प्रत्यक्षात दोन हवालदार टेबलाशी वाकून उभे होते आणि अण्णा टेबलाच्या कडेवरून ओळंबा सोडून साहेबांचं टेबल डावीकडे किती कलतंय ते दाखवत होते. साहेब खुर्चीत मागे रेलून बघत होते. पोलिसांचा प्रश्न सोपा होता: वाळू उकरलीत तर ट्रॅक्टर कुठे आहे? अण्णांचं उत्तरही सोपं होतं: वाळू तिथेच आहे, मी फक्त भिंत सरळ करतो. पक्ष्यांसाठी भिंत सरळ करतो हे त्यांनी कन्नडमध्ये तीनतीनदा सांगितलं होतं आणि दर वेळी साहेबांचा चेहरा जास्त हळवा होत गेला होता. त्यांनी मला बाजूला घेऊन हिंदीत विचारलं, हे तुमचे कोण? मी म्हटलं, घरमालक. ते म्हणाले, सांभाळा त्यांना, आणि सोडून दिलं.

रिक्षात अण्णा ओळंब्याची दोरी बोटाभोवती गुंडाळत बसले. मला वाटलं, अपमान लागला असेल. हेब्बाळकडे जाणाऱ्या बसच्या मागे रिक्षा अडकली तेव्हा ते म्हणाले, "टेबल खरंच कललंय."

पण पोलीस हे संकट नव्हतंच. संकट आलं मार्चमध्ये, रहिवाशांच्या बैठकीतून. सेक्रेटरी राव यांनी ठराव मांडला की मागचा खड्डा बांधकामाच्या राडारोड्याने भरून घ्यायचा आणि सपाट झालेल्या जागेवर बॅडमिंटन कोर्ट करायचं. राडारोडा टाकायला जागा शोधणारे ट्रकवाले फुकटात भरून द्यायला तयार होते.

राव हे वाईट गृहस्थ नाहीत. खड्ड्यात डास होतात, हे खरं होतं. एकाच्या कुत्र्याला तिथे साप चावला होता. लहान मुलं कडेला खेळतात आणि कुंपण नाही. मुलांना खेळायला जागा कुठे आहे, हा त्यांचा प्रश्न तर अगदी रास्त होता. हात वर होत गेले. निखिलने माझ्याकडे पाहिलं. आमचे हात खाली होते, पण आम्ही भाडेकरू, आमचे हात मोजतच नव्हते.

अण्णा उठले. मला वाटलं, आता ते मॅडम आणि जुन्या पार्टीबद्दल बोलणार आणि लोक हसणार. त्यांनी पक्ष्यांचं नावच काढलं नाही. ते हळूहळू कन्नडमध्ये म्हणाले की या लेआउटमधल्या पहिल्या सगळ्या घरांच्या भिंतींत त्या खड्ड्यातली वाळू आहे. तुमच्या स्वयंपाकघरात आहे, देवघरात आहे, माझ्याही आहे. आपण तिथून इतकं घेतलंय. आता जे उरलंय त्यात दुसरं कुणी घर केलंय तर आपण त्यावर कचरा ओतायचा का.

एक तरुण हसला, पण एकटाच. राव जरा थांबून म्हणाले, "अण्णा, समजलं. पण मग कोर्ट कुठे करू?"

"माझ्या साइटवर," अण्णा म्हणाले.

बेंगळुरात प्लॉटला साइट म्हणतात. अण्णांच्या घराला लागून त्यांची एक रिकामी साइट होती. दरवर्षी ते तिच्यावरचं गवत काढायचे, तारेचं कुंपण ताणून घ्यायचे, कुणी तिथे गाडी लावली तर चिडायचे. ती का ठेवलीय हे आम्हाला माहीत नव्हतं. विकायची म्हणून असेल, असं आम्ही धरून चाललो होतो.

राव म्हणाले, घाई करू नका, घरच्यांशी बोला. "बोललो," अण्णा म्हणाले. "कालच बोललो. मी आहे तोवर वापरा. त्यानंतरचं पोरं बघतील. खड्डा सोडा."

ठराव बदलला. खड्ड्याला कुंपण झालं, पाण्यात डासांसाठी गप्पी मासे सोडले, कडा तसाच राहिला. साइटवर कोर्ट झालं. आता संध्याकाळी तिथे मुलं खेळतात, आणि मधूनच एखादं शटल कुंपणावरून खड्ड्यात जातं. विणीच्या दिवसांत ते आणायला खाली उतरायचं नाही असा अण्णांचा नियम आहे. मुलांना नवीन शटल ते स्वतः आणून देतात. राव त्यांच्या पाहुण्यांना गच्चीवर नेऊन "अवर बी-ईटर्स" म्हणून राघू दाखवतात. ते वाक्य ऐकलं की अण्णा आमच्याकडे बघून डोळे मिचकावतात.

यावर हे चित्र पुरं करता आलं असतं. पण मेमधल्या एका संध्याकाळचं सांगायचं राहिलं.

मी ऑफिसातून लवकर आले होते. अण्णा कुंपणाशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. त्यांनी मला दुसरी खुर्ची ओढून दिली. कड्यातल्या एका बिळाशी गडबड चालली होती. आत पिल्लं होती, आणि पक्षी चोचीत चतुर, माश्या धरून ये-जा करत होते. जरा वेळाने माझ्या लक्षात आलं की एकाच बिळात तीन पक्षी खाऊ नेतायत. मी तसं म्हटलं.

"हां," अण्णा म्हणाले. "दोन आई-बाप. तिसरा असाच."

असाच म्हणजे?

"त्याचं बीळ नाही. यंदा जोडी जमली नाही, का जमवली नाही, कुणाला ठाऊक. यांच्यात असतो असा एखादा. भाऊ असतो, नाहीतर कुणी नात्यातला. दुसऱ्याच्या पिल्लांना भरवतो." दुर्बीण डोळ्याला लावून ते पुढे म्हणाले, "पुस्तकवाले सांगतात त्याची कारणं. मी वाचलीत. मूर्ख म्हणून करतो असं काही नाही."

मी विचारलं, मग त्याला काय मिळतं?

त्यांनी दुर्बीण खाली घेतली. "सकाळी उठल्यावर जायला एक जागा मिळते," ते म्हणाले.

मागे कोर्टवर मुलं गुणांवरून भांडत होती. अण्णांनी वळून तिकडे पाहिलं आणि मी काही न विचारताच ते सांगू लागले. निपाणीत त्यांचे थोरले भाऊ तरुणपणीच गेले. मागे वहिनी आणि दोन मुलगे. अण्णा तिघांनाही बेंगळुरात घेऊन आले. लग्नाचं लोक विचारायचे तेव्हा पोरांच्या शाळेचं कारण असायचं, मग कॉलेजचं. मग लोकांनी विचारायचं सोडलं. वहिनी चारेक वर्षांपूर्वी गेल्या. दोन्ही पुतणे परदेशात, चांगले आहेत, दर रविवारी फोन करतात. शेजारची साइट अण्णांनी त्यांच्यासाठी घेतली होती. दोघे परत आले तर दोन मजले, एक जिना, मधे दार ठेवायचं आपल्या घराशी. नकाशासुद्धा त्यांच्या मनात तयार होता.

"बैठकीच्या आदल्या दिवशी थोरल्याला फोन केला. म्हटलं, साइटवर कोर्ट करू देतो, तुझी हरकत नाही ना. लगेच म्हणाला, काका, बिनधास्त द्या, आम्ही कुठे परत येतोय आता." अण्णा हसले. "चांगला पोरगा आहे. काही अडवून धरत नाही. पण मला वाटलं होतं, स्वल्प विचार तरी करेल."

त्यांनी दुर्बीण पुन्हा डोळ्याला लावली. ऊन कड्यावरून वर सरकत गेलं आणि निघून गेलं. बिळांवरची ये-जा थांबली. पलीकडच्या बाभळीच्या एका बारीक फांदीवर राघू येऊन बसू लागले. एक आला, त्याला चिकटून दुसरा, दुसऱ्याला चिकटून तिसरा. जागा भरपूर होती, पण ते एकमेकांना रेटून, खांद्याला खांदा लावून बसत होते. आई-बाप कुठले आणि तो तिसरा कुठला, हे आता ओळखू येत नव्हतं. अण्णा बघत होते. सगळे स्थिर झाल्यावर त्यांनी दुर्बीण डब्यात ठेवली आणि डब्याचं बटण लावलं.

खालच्या मजल्यावर दिवा लागलेला नव्हता. वर आमच्याकडे लागला होता आणि फोडणीचा वास येत होता. मी म्हटलं, अण्णा, सासूबाईंनी भाकरी आणि पिठलं केलंय, या जेवायला. हे मी पूर्वीही कितीदा म्हटलं होतं. दर वेळी ते म्हणायचे, माझं झालंय, आणि थोड्या वेळाने खालून एकट्याच्या कुकरची शिट्टी ऐकू यायची.

ते पायरीशी थांबले. चपला झटकून त्यांनी वाळू काढली.

"सरी," ते म्हणाले.

वर सासूबाईंनी पानं मांडलीच होती. अण्णा कोपऱ्यातल्या स्टुलाकडे जाऊ लागले. सासूबाईंनी स्टूल उचलून बाजूला ठेवलं आणि निखिलला सरकायला सांगितलं. तो एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला, अण्णा मधे. जागा तशी कमीच होती. निखिलचा कोपर त्यांना लागला तेव्हा तो सॉरी म्हणाला.

"असू दे," अण्णा म्हणाले, आणि भाकरीचा तुकडा मोडला.